केळापूरला, पडलेल्या कडुलिंबाच्या मागे

गेल्या उन्हाळ्यात यवतमाळच्या आमच्या अंगणातला कडुलिंब वादळात पडला. आईने तो जळणाला जाऊ दिला नाही. तिने खोड केळापूरच्या भगवानभाऊ मिस्त्रींकडे पाठवलं. भाऊ लाकूड सरळ करत बसत नाहीत. झाडाचा बाक, त्याच्या गाठी तशाच ठेवून वस्तू बनवतात. मला पुण्याच्या घरी टेबल हवं होतं. दिवाळीनंतर सुटी काढून मी यवतमाळला आले आणि आईला घेऊन निघाले.

तुम्ही जाणार असाल तर यवतमाळहून सकाळची पांढरकवडा एसटी धरा. दोनेक तास लागतात, बायकांना अर्धं तिकीट. आईला पंच्याहत्तरीमुळे तेही नाही, याचा तिला कोण अभिमान. दोन्हीकडे कापूस फुटला होता. करंजीला गाडी थांबली, गरम आलूबोंडे घेतले.

"तुझे बाबा इथे उतरले की खातच राहायचे," आई म्हणाली. "गाडी सुटायला लागली की मी खिडकीतून हाका मारायचे."

पांढरकवड्याहून केळापूरला ऑटो मिळतो.

भाऊंच्या शेडमध्ये आमची फळी आडवी ठेवली होती. काठ वळणावळणाचे, पोटात तांबूस रंग, आणि एका टोकाला वीतभर निळाकाळा डाग.

"तार निंगाली काकू याच्यातून," भाऊ म्हणाले. "झाडानं गिळून टाकली होती. माह्या करवतीचे दोन दात गेले. लोखंडानं लाकूड असंच काळं पडते."

मी टेप लावली. डागाकडून दीड फूट काढलं तर टेबल माझ्या खोलीत नेमकं बसत होतं.

"इथून कापा, भाऊ."

त्यांनी खडूने रेघ मारली. आई डागावर हात ठेवून उभी होती.

"ही यांनी बांधलेली तार," ती म्हणाली. "तू झालीस तेव्हा. दुपटी वाळत घालायला."

मला ते माहीतच नव्हतं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.

"कापू का ताई?" भाऊंनी हळूच विचारलं.

"नको. अख्ख्या फळीचा आईला बसायला बाक करा."

"मंग डाग घासू?"

"घासू नका," आई म्हणाली, आणि पदराने रेघ पुसून टाकली.

टेबल मी शेवटी पुण्याच्या दुकानातून घेतलं. गुळगुळीत आहे, कामाला चांगलं आहे. भाऊंचा बाक महिन्याभराने यवतमाळला पोचला. परवा आईचा फोन आला. शेजारच्या बाया रोज येऊन बसतात म्हणे.

"पण तारेच्या जागेवर कोणाला बसू देत नाही," ती म्हणाली. "तिथे मी बसते."