पातेल्यात कालवलेला दहीभात

जेवण कोठे करावे, हा प्रश्न मंठा तालुक्यातील बरीच मंडळी मला विचारतात, आणि ते योग्यच आहे. तहसील कार्यालयासमोर लिंबाखाली टेबल टाकून मी गेली कित्येक वर्षे लोकांचे अर्ज, तक्रारी व प्रतिज्ञापत्रे लिहितो. माझे शिक्षण नववीत थांबले. तथापि माझ्या मसुद्यात काना-मात्रेचा फरक करण्याची गरज चांगल्या चांगल्या वकिलांना भासलेली नाही. कामानिमित्त मला जालना, अंबड, भोकरदन येथील कचेऱ्यांत जावे लागते. प्रत्येक कचेरीच्या आसपास मनापासून जेवावे असे एखादेच ठिकाण असते आणि ते हुडकून काढणे हाही मी कामाचाच भाग समजत आलो. भोकरदनच्या बाजारात जिलेबी कोणत्या कढईतली घ्यावी, वडीगोद्रीला महामार्गावर शेवभाजी कोणत्या ढाब्यावर खावी, जालना स्टेशनाबाहेर इडलीच्या कोणत्या गाड्यापुढे उभे राहावे, हे मी सांगतो आणि लोक तसे करतात. मी सांगितलेल्या ठिकाणाहून कोणी नाराज होऊन परतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, माझ्याच घरात एक माणूस उपाशी राहू लागले आणि माझी ही सर्व माहिती निरुपयोगी ठरली.

ते माणूस म्हणजे माझी सून. ती तामिळ मुलुखातली आहे. मुलगा बंगळूरला कंपनीत नोकरीस असताना दोघांची ओळख झाली व त्यांनी लग्न केले. ते लग्न तिच्या माहेरी अद्याप मान्य नाही. यंदा तिला दिवस राहिले, आणि नेमके त्याच सुमारास कंपनीने मुलाला काही महिन्यांसाठी परदेशी पाठवले. माहेरचे दार बंद, बंगळूरला जवळचे कोणी नाही. म्हणून तो तिला गाडीने आमच्याकडे सोडायला आला.

ती दोघे सोलापूर-बीडकडून येणार असल्याने मी वडीगोद्रीपर्यंत सामोरा गेलो. सुनेचे पहिले जेवण माझ्या पसंतीच्या ढाब्यावर व्हावे, अशी माझी इच्छा होती. मी स्वतः आत जाऊन शेवभाजीला तेल किती व मसाला कोणता ते सांगून आलो. ताट आले. काळ्या मसाल्याचा वास येताच ती उठली, गाडीच्या पलीकडे गेली आणि ओकली. परत येऊन माझ्याकडे पाहत ओढणीने तोंड पुसून म्हणाली, "सॉरी अप्पा. बहुत अच्छा है." त्यांच्याकडे वडिलांना अप्पा म्हणतात, असे मुलाने सांगितले. आमच्याकडेही वडीलधाऱ्याला तसे म्हणतातच, त्यामुळे मला ते आवडले. तिचे ताट मात्र तसेच राहिले.

मुलगा गेला आणि घरात आम्ही तिघे उरलो. तिला मराठी येत नाही, हिंदी तुटक येते. माझ्या पत्नीला मराठीखेरीज काही येत नाही. तिने सुनेसाठी भाकर केली, पिठले केले, मेथी केली, शेवटी साधे वरणही केले. परंतु फोडणीचा आवाज झाला की सून ओढणीआड नाक दाबून अंगणात जाई. दिवसातून चहाबरोबर दोन-चार बिस्किटे, एवढेच तिच्या पोटात टिकत असे. गावातील डॉक्टरीणबाईंनी वजन पाहिले आणि मला बाहेर बोलावून सांगितले की वजन असेच उतरत राहिले तर बाळाला धोका आहे. जालन्याला भरती करून सलाईनवर ठेवावे लागेल. मी कधीही कोणाचे म्हणणे मुकाट्याने ऐकून घेत नाही, प्रतिप्रश्न करतो. त्या दिवशी मी वजनाचा आकडा तेवढा कागदावर लिहून घेतला.

मी माझ्या परीने उपाय आरंभला. सुनेला तिच्या मुलुखाचे खाणे मिळाले की सर्व सुरळीत होईल, असा माझा तर्क होता. जालन्याला जावे आणि पार्सल घेऊन यावे, असे सुरू झाले. बसमध्ये मांडीवर डोशाची पुडकी घेऊन मी बसत असे, सांबाराची पिशवी हातात धरून ठेवत असे, कारण फाटा आला की ड्रायव्हर ब्रेक मारतो. घरी येईतो डोसा ओल्या कापडासारखा होई. स्टेशनाबाहेरची इडली मात्र मऊ राहात असे. सुनेने ती बोटाने दाबून पाहिली, सांबार चाखले आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

"अप्पा, ये सांबार नहीं. ये आपका दाल है. अंदर गुड़ है."

मी हे गाड्यावाल्याच्या कानावर घातले.

"मद्रासीच हाये की सायब, बराबर मसाला टाकून राह्यलो," तो म्हणाला.

"मद्रासी माणसानं खाल्लं. त्याला पटलं न्हाई."

"मंग त्यांना सांगा, हे जालन्याचं मद्रासी हाये." आणि त्याने मला चटणी जास्त बांधून दिली.

तिने अर्धी इडली खाल्ली, तीही टिकली नाही. मी तिला विचारत असे, "बेटा, कौनसा हॉटेल का खाना मंगता? जालना, संभाजीनगर, कहीं से भी लाता." ती मान हलवून म्हणे, "कुछ भी, अप्पा." फोनवर मुलालाही ती तेच सांगे. कुछ भी हे कोणत्याही हॉटेलात मिळत नाही.

त्याच आठवड्यातील एक गोष्ट पत्नीने मला संध्याकाळी चहा देताना सांगितली.

"तुमच्या सुनेनं आज सैपाकघरात येऊन पातेल्यात दहीभात कालवायला घेतल्ता. हातानं, चांगला मऊ करून."

"मंग?"

"मंग काय. मी घेतलं काढून हातातून. टाकून आले गोठ्याकडं."

येथे वाचकांसाठी खुलासा करणे भाग आहे. आमच्याकडे ताटातल्या भातावर कोणी दही वाढून घेतले तर त्याला हरकत नाही. परंतु पातेल्यात दही आणि भात कालवून ठेवण्याचे काम आमच्या घरात फक्त उताऱ्यासाठी होते. आजारी माणसावरून, दृष्ट लागलेल्या लेकरावरून तो दहीभात ओवाळायचा आणि दिवेलागणीला जेथे तीन रस्ते मिळतात त्या तिकाटण्यावर नेऊन ठेवायचा. माणसाला जे लागले असेल ते त्या भातात उतरते, अशी समजूत आहे. जाणारा येणारा वाट सोडून चालतो, कुत्र्याने खाल्ले तर खाल्ले. असा पदार्थ पोटुशी बाईने स्वतःच्या हाताने कालवणे माझ्या पत्नीला पाहवले नाही.

"तिला सांगितलं का, कशामुळं घेतलं ते?"

"कोणच्या भाषेत सांगू? अन् पोटुशीपुढं असल्या गोष्टीचं नाव घेऊ व्हय? तुम्ही अर्जवाले, तुम्ही सांगा."

मीही सांगितले नाही, कारण ती स्वयंपाकात मदत करायला गेली असावी, असेच मी धरून चाललो होतो. तिला तो भात खायचा असेल, हे माझ्या ध्यानात आले नाही. एवढी हॉटेले मला ठाऊक. त्यांपैकी एकाच्याही पाटीवर दहीभात नाही. त्या दिवसापासून सून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आली नाही.

पुढच्या तपासणीत वजन आणखी उतरले. जालन्याला जाण्याची पिशवी भरून ठेवा, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. घरी आल्यावर पत्नीने तांदूळ धुतले. मी ओळखले, आणि मी विरोध केला नाही. मी स्वतः या गोष्टी मानतो की नाही, हे मला कोणी शपथेवर विचारले तर मी उत्तर देऊ शकणार नाही.

दिवेलागणीला सून बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. पत्नी आतून पत्रावळ घेऊन आली. तीवर दहीभाताचा ढीग, त्यावर हळदकुंकू, कडेला कणकेचा लहानसा दिवा. उतारा हाती घेतल्यापासून तो ठेवून, परत येऊन, पाय धुवेपर्यंत नेणाऱ्याने शब्द काढायचा नसतो. त्यामुळे पत्नी ओठ घट्ट मिटून होती. तिने पत्रावळ सुनेच्या डोक्यापासून पायापर्यंत ओवाळली. मी दारात उभा होतो.

सुनेने भात पाहिला. तिचा चेहरा असा उजळला की, ती आमच्या घरी आल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. ती सावरून बसली, पाय खाली घेतले, हात जोडले.

"प्रसादम्," ती म्हणाली. "अम्मा, मेरे लिए?"

पुढे मुलाकडून कळले की त्यांच्या देवळात दहीभात प्रसाद म्हणून देतात, आणि घरी आजाऱ्याला, दमल्याला, परीक्षेला निघालेल्या पोराला तोच देतात. त्या वेळी आम्हाला यांतले काही ठाऊक नव्हते. तिने दिवा हलकेच उचलून बाजूला ठेवला, पत्रावळ पत्नीच्या हातून घेतली, पहिला घास डोळ्यांना लावला आणि खाल्ला.

पत्नीचे दोन्ही हात तसेच हवेत राहिले. ती बोलू शकत नव्हती. तिने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ सरळ होता: तुम्ही बोला.

माझा आयुष्यभराचा धंदा हाच आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने शब्द मांडायचे. रागावलेल्याचे, गांजलेल्याचे, अडाण्याचे म्हणणे मी एका बैठकीत कागदावर आणतो. येथे तर दोनच शब्द पुरे होते, आणि हिंदीतले दोन शब्द मला निश्चित येतात. पण ती खात होती. घाईने नाही, बोटांनी भात गोळा करून, हळू, डोळे अर्धे मिटून. घशाखाली उतरत होते ते मला दिसत होते. थांब म्हणालो तर बाळाच्या तोंडचे काढून घेतल्यासारखे होते. न म्हणालो तर काय तिच्या पोटात जात होते, ते सांगण्यास मी समर्थ नाही. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो आणि तिने पत्रावळ संपवली.

"और है, अम्मा?"

पत्नी वळली आणि मोरीकडे पाय धुवायला गेली. तिकाटण्यापर्यंत नेण्यासारखे काही उरलेच नव्हते. पाय धुऊन झाल्यावर ती बोलली, ते माझ्याशी.

"मी बांधलेली होते. तुम्हाला कुणी बांधलं होतं?"

"ती खाऊन राह्यली होती."

"काय खाऊन राह्यली होती?"

आम्ही दोघेही अंगणात बसलो आणि ती ओकते का, त्याची वाट पाहू लागलो. ते बाहेर पडावे असे वाटावे की पोटात राहावे असे वाटावे, हेही आमचे ठरेना. ती ओकली नाही. भिंतीला टेकून तशीच झोपी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून पहिल्यांदाच पुन्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. हातात रिकामी थाळी होती. "अम्मा, कल वाला," एवढेच म्हणाली. पत्नीने चुलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. नाही म्हटले तर जालन्याची पिशवी भरलेलीच होती. होय म्हटले तर रोज, स्वतःच्या हाताने, उतारा शिजवून नातवंडाला भरवायचा.

"सांगू का तिला?" मी विचारले.

"आता सांगून काय. काय खाल्लं ते कळलं तर ती आयुष्यात आपल्या हातचं पाणी पिणार न्हाई. अन् जाईल कुठं?"

तिने भात लावला. पातेल्यात दही ओतले, मीठ टाकले, हाताने कालवले. कालवून झाल्यावर थाळी न भरता तिने स्वतःच एक मोठा घास घेतला आणि तोंडात घातला.

मी म्हणालो, "अगं, हे काय?"

"जे काय असंल ते आधी मला येऊ दे. मंग तिनं खावं."

"मला दे पहिला घास."

"तुम्ही व्हा बाजूला. तुम्ही सकाळीच बाहेर भजे खाऊन आल्ते. हे उपाशी पोटीच घ्यावं लागतं."

असा काही नियम मी ऐकलेला नाही. तो तिने तेव्हाच केला असावा. परंतु मी युक्तिवाद केला नाही.

तेव्हापासून हे रोज चालू आहे. सुनेचे वजन थोडे वाढले आहे. पिशवी अजून भरलेलीच आहे, ती रिकामी करण्याची सूचना मी केली नाही व पत्नीनेही केली नाही. परदेशातून मुलाचा फोन येतो. कोणत्या हॉटेलातून आणता, असे त्याने एकदा विचारले. घरचेच आहे, असे मी सांगितले. त्यापुढचे काही त्याला सांगितलेले नाही. त्याने ते हसण्यावारी नेले असते किंवा चिडला असता, आणि दोन्हीही पत्नीला ऐकवणे मला शक्य नाही. पत्नी सकाळपासून त्या घासापर्यंत पाण्याशिवाय काही घेत नाही. अलीकडे तिला पायऱ्या चढताना धाप लागते. वयामुळे असेल, उपाशी राहण्यामुळे असेल. डॉक्टरीणबाईंना दाखवू म्हटले तर म्हणते, "लागून राह्यलं असंल मला. बरंच हाये की."

दुपारी बारा वाजता मी टेबल बंद करून घरी येतो. पत्नी भात कालवते, पहिला घास घेते, गिळते आणि थाळी हातात धरून थोडा वेळ तशीच उभी राहते; आपल्याला काही होते का, ते आतून तपासत असावी. सून समोर बसलेली असते. तिला वाटते, सासूबाई चव पाहतात.

"अम्मा, नमक बराबर?"

"बराबर," पत्नी म्हणते, आणि थाळी तिच्यापुढे ठेवते. मी दोघींच्या मध्ये उभा असतो.