नजर चांगली होती

परवा अमरावतीला एका चर्चेला गेलो होतो. फळ्यावर मोठ्या अक्षरांत विषय लिहिला होता... 'कृत्रिम बुद्धिमत्तेला स्वतःची इच्छा आणि नीतिमूल्यं येऊ शकतात का?' माझ्यासारख्याचं तिथे काही काम नव्हतं, पण बोलणाऱ्यांत माझी मुलगी पल्लवी होती. म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच अकोल्याहून निघालो.

ओळख नसलेल्यांसाठी सांगतो. रिटायर होईपर्यंत मी कापसाचा ग्रेडर होतो. खरेदी केंद्रावर शेतकऱ्याची गाडी आली की मूठभर कापूस उचलायचा, अंगठ्यांत ओढून धागा बघायचा आणि प्रत सांगायची... नाहीतर गाडी नापास करून परत पाठवायची.

हे काम मला रहीमचाचांनी शिकवलं. त्यांचा एक दंडक होता... कापूस हातात घेतला की गाडीकडे पाठ करून उभं राहायचं. माणसाचा चेहरा दिसला की हात खोटं बोलतो, असं ते म्हणत. पुढे चांगली ओळख झाल्यावर हळूच म्हणाले, "पाठ फिरवाची, पण कान उघडे ठेवाचे."

त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. मागचा माणूस कसा खोकतो, किती वेळ गप्प राहतो, यावरून बरंच काही कळतं.

रिटायरमेंटला दोनेक वर्षं राहिली असताना केंद्रावर मशीन आलं. कापूस ट्रेमध्ये ठेवायचा, कॅमेरा बघणार आणि स्क्रीनवर निकाल येणार. ते बनवणाऱ्या टीममध्ये आमची पल्लवी होती, आणि त्याला शिकवायला नमुने तपासून दिले मी. घरचं कार्य असल्यासारखा मिरवत होतो तेव्हा.

पण ते वर्ष वाईट होतं. आधीच दोन वर्षं नापिकी, त्यात ऐन वेचणीत पाऊस. पिवळा पडलेला, डागाळलेला कापूस घेऊन लोक दोन-दोन दिवस रांगेत उभे होते. त्या पंधरा दिवसांत मी बराच कापूस पास केला, जो नियमाने नापास करायला हवा होता... कान उघडे होते ना.

तेच निकाल नमुने म्हणून मशीनकडे गेले, आणि मशीन ते शिकलं! पुढच्या हंगामात डागाळलेला कापूस ते बिनदिक्कत पास करू लागलं. गरजवंताचा केला, तसा पडत्या भावात माल गोळा करून आणणाऱ्या व्यापाऱ्याचाही केला. मागे कोण उभं आहे ते त्याला कुठे ऐकू येत होतं...

पल्लवीने चूक शोधून काढली आणि घरी येऊन मला विचारलं. मी सांगितलं, वय झालं, नजर कमी झाली. पोरीसमोर खरं बोलायची लाज वाटली. तिने त्या पंधरा दिवसांचे नमुने काढून टाकले आणि मशीन पुन्हा कडक झालं.

त्यानंतर आठवडाभरात कमलाबाई आल्या. नवरा गेल्यापासून एकट्या शेती करायच्या, दरवर्षी आमच्याच केंद्रावर यायच्या. भाड्याच्या गाडीत वर्षभराचा कापूस, त्यावर ताडपत्री. पण पाऊस त्याआधीच लागून गेलेला. मशीनने नापास दाखवलं.

त्या माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, तुमी एकडाव हात लावून पाहा न."

स्क्रीनवर फेरतपासणीचं बटन होतं. ते दाबायचा अधिकार फक्त मला होता, आणि दाबलं की माझ्या सहीने कापूस पास करता आला असता. पण प्रत्येक वेळी दाबल्याचा रिपोर्ट वर जाई, पल्लवीच्या टीमकडे. म्हटलं, बापच पोरीच्या मशीनवर भरवसा ठेवत नाही असं दिसेल... आणि आधीचं खोटंही उघडं पडेल.

मी म्हणालो, "बाई, आता मशीनच सांगते." आणि पाठ केली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पुन्हा आमच्या केंद्रावर त्या आल्या नाहीत. कापसाचं काय केलं, मला माहीत नाही... मी विचारलंही नाही.

तर परवा हॉलमध्ये पल्लवीने हेच उदाहरण दिलं. नाव न घेता. म्हणाली, नजर कमी झालेल्या एका जुन्या ग्रेडरमुळे मशीन चुकीचं शिकलं होतं, ते आम्ही दुरुस्त केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग एकाने विचारलं, उद्या मशीनने स्वतःहून दया दाखवायची ठरवली तर? पल्लवी म्हणाली, ठरवायचं तर 'नाही' म्हणता आलं पाहिजे. आपण पुसलं ते मशीनने मुकाट्याने पुसू दिलं, त्याला नाही म्हणता आलं नाही. मला हात वर करून बोलावंसं वाटलं, पण हात दाखवून अवलक्षण नको म्हणून बसून राहिलो.

स्टँडकडे जाताना ऑटोत ती म्हणाली, बाबा, तुम्हाला काय वाटतं, येईल का त्याला इच्छा? मी रस्त्याकडे बघत होतो. म्हटलं, "बेटा, माही नजर चांगली होती तवा." मग पंधरा दिवसांचं सांगितलं, कमलाबाईंचंही सांगितलं.

ती रागावेल असं वाटलं होतं. स्टँड आला, ऑटोवाल्याने मागे वळून पाहिलं, तरी उतरली नाही.

मग म्हणाली, "मंग बटन काहून नाई दाबलं, बाबा?"

मशीनला येईल का इच्छा, मला माहीत नाही. मला होती... बटन हाताखाली होतं, मागे कोण उभं आहे तेही ऐकू येत होतं. तरी मी पाठ फिरवली. पण पोरीने मला विचारलं, मशीनसारखं पुसून टाकलं नाही, एवढ्यासाठी तिचा ऋणी आहे.