सुलोला बर्फावरून परत आणताना

पूर्व फिनलंडमधल्या पिएलिनेन तलावाकाठची हिल्क्का शाळेत तीस वर्षं स्वयंपाक करून निवृत्त झाली. दोनशे पोरांना तिने वळण लावलं, पण शेजारच्या सुलोपुढे तिने हात टेकले होते. दोघं पहिलीपासून एका वर्गातले. बायको गेल्यापासून बर्फावर मासे धरायला सुलोला हिच्याशिवाय सोबत नव्हती, आणि तो एकटा गेला की हिच्या जिवाला घोर.

त्या एप्रिलात बर्फ दोन वीत जाड होता, पण उन्हाने आतून पोखरलेला. हिल्क्का दर दोन पावलांना लोखंडी पहार आपटत, सामानाची घसरगाडी ओढत पुढे चालली होती. मागे सुलो, खांद्यावर बर्फाला भोक पाडायचं गिरमिट टाकून.

"अगं, चालतेयस की विहीर खणतेयस? मासे म्हातारे होतील!"

"तुझ्या खिट्ट्या कुठायत? पाण्यात पडलास तर बर्फात रोवून वर यायला म्हणून सकाळी मी गळ्यात अडकवल्या होत्या ना?"

"पिशवीत. हनुवटीला टोचतात."

"पिशवी बुडेल आधी! घाल म्हणते ना!"

त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुपारपर्यंत सतरा पर्च मासे मिळाले. परतताना हिल्क्का आल्या वाटेनेच निघाली. सुलो मात्र ओढा तलावाला मिळतो तिथून थेट काठाकडे वळला.

"सुलो! तिथे खालून पाणी वाहतंय!"

"साठ वर्षं जातोय मी इथू–"

कडकडाटसुद्धा झाला नाही. भुस्सकन बर्फ बसला आणि सुलो छातीपर्यंत पाण्यात.

हिल्क्काने घसरगाडीवरचा दोर ओढून काढला आणि पोटावर सरपटत पुढे गेली. पुरेशा अंतरावर थांबून तिने दोर फेकला.

"काखेखालून घे! आलास त्या बाजूला तोंड कर! पाय मार!"

"गिरमिट गेलं गं–"

"मरो ते! पाय मार, गाढवा!"

तिसऱ्या हिसक्याला तो वर आला. "उभा राहू नकोस! लोळत ये!" लोळत आला.

घरी ओले कपडे काढून, घोंगड्यांत गुंडाळून तिने त्याला कोमट कॉफी पाजली.

"साखर कमी पडलीय," सुलो म्हणाला.

ती ओसरीवर गेली, मनसोक्त रडली, आत आली आणि दोन चमचे साखर घातली.

आठवड्याभराने दुकानात सुलो सांगत होता, "बर्फ तपासत होतो मी. हिल्क्काच उगाच घाबरली." मग तिने खरं काय ते सगळ्यांसमोर सांगून टाकलं. परिणाम एवढाच, की सुलोबरोबर जायला गावात कुणीच तयार होईना. म्हणजे तो पुन्हा हिच्याच गळ्यात.

डिसेंबरात फोन आला. "तलाव गोठला! येतेस?"

"किती गोठलाय?"

"तीन बोटं. जवळजवळ."

तिने फोन ठेवला, कोट चढवला आणि त्याच्या घरी गेली. आत शिरून दाराला अडवी खुर्ची टाकून, अंधार पडेपर्यंत विणकाम करत बसली.