दाराकडे वळवलेली दुमड

विल्ट्रूटनं एल्फ्रीडे ब्युर्कलेला पहिल्यांदा नीट पाहिलं ते नऊच्या सुट्टीत. विल्ट्रूट एकोणीस वर्षांची होती. हाल्डिंगनच्या मोटार कारखान्यात, आसनांच्या शिवणखात्यात, तिचा तो तिसरा दिवस होता. बाकी बायका डबे उघडून पाव आणि सॉसेज खात होत्या. एक बाई मात्र मशीनपाशीच डोळे मिटून बसली होती. मांडीवर ड्रायव्हरच्या आसनाचं कातडं होतं आणि उजव्या हाताचा अंगठा शिवणीवरून सावकाश सरकत होता, झोपलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरावा तसा.

"बरं नाही का तिला?" विल्ट्रूटनं शेजारणीला विचारलं.

"तिला? ती शिवण वाचतेय," शेजारीण तोंडात घास ठेवून म्हणाली. "तुझीच असेल. तयार राहा."

विल्ट्रूटचीच होती. एल्फ्रीडेनं डोळे उघडले, कातडं तिच्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, "चौथा टाका घाबरलाय. उसव."

त्या मुलखात शिव्या बसल्या नाहीत म्हणजे कौतुक झालं असं धरायचं. एल्फ्रीडे तर तेवढ्या शिव्याही देत नसे. पण सहा महिन्यांत विल्ट्रूटचा एकही टाका घाबरेना, आणि दोघींची मशीनं शेजारी-शेजारी आली ती पुढं सत्तावीस वर्षं तशीच राहिली.

गावात कंपनीचं नाव कुणी घेत नसे. 'वर काम करतो' म्हटलं की पुरे. कारखाना टेकडीवर होता. आजोबा वर, बाप वर, मुलगा वर. बाहेरचं जग त्या गाडीसाठी वर्षानुवर्षं पैसे साठवायचं. हाल्डिंगनमध्ये मात्र ती कामगाराच्या दारात उभी असे, कारण वर काम करणाऱ्याला दरवर्षी एक नवी गाडी सवलतीत मिळायची. अट एकच: निदान बारा महिने वापरायची. मग ती चांगल्या भावात विकायची आणि पुढची घ्यायची. त्यामुळं सगळं गाव गाडीत पाहुण्यासारखं बसायचं. एल्फ्रीडेचा नवरा हेल्मुट आसनावर जुनी चादर अंथरायचा, पावसात गाडी काढायचा नाही आणि मागच्या सीटवर कुणी बिस्किटाचा पुडा फोडला तर गाडी थांबवायचा.

"सव्वीस गाड्या झाल्या आमच्या," एल्फ्रीडे सांगायची, "आणि एकीच्याही कातड्याला माझं बूड लागलेलं नाही."

आता एका शिवणीची गोष्ट.

ड्रायव्हरच्या आसनाची दाराकडची कड दोन-तीन वर्षांत उसवायची. गाडीचे मालक म्हणजे वजनदार माणसं, उतरताना त्या कडेवरून घसरत उतरायची. तक्रारी यायच्या. इंजिनियर दोरा बदलायचे, जाड करायचे, तरी उसवायचंच. एल्फ्रीडेनं एक संध्याकाळ घरच्या स्वयंपाकघरात कातड्याचे दोन तुकडे घेऊन काढली आणि तिला कारण सापडलं. दोन तुकडे जोडले की आत उरलेली कड एका बाजूला दुमडावी लागते. सगळ्या जणी ती बसणाऱ्याकडे दुमडायच्या, कारण हाताला तेच सोपं. तिथं बारीकसा उंचवटा यायचा आणि उतरणारा माणूस रोज त्याच्यावरच घासायचा. तिनं दुमड दाराकडे वळवली. वरून पाहिलं तर काही फरक नाही. डोळ्याला दोन्ही सारख्याच. फक्त आसनाकडून दाराकडे अंगठा नेला तर जुन्या शिवणीवर तो अडखळतो आणि नव्या शिवणीवरून पाण्यासारखा जातो.

खात्यात सूचनांसाठी एक पेटी होती. कामात सुधारणा सुचवली आणि ती मान्य झाली, तर बक्षीस मिळे आणि कारखान्याच्या मासिकात फोटो येई. फॉर्मवर आकृती काढावी लागे. एल्फ्रीडेचा हात सुईला पक्का, पेन्सिलीला कच्चा. फोरमन गोटहिल्फ रेंचलर म्हणाला, "द्या इकडे, फ्राउ ब्युर्कले. मी नीट उतरवून टाकतो."

त्यानं नीट उतरवलं. नावही नीट लिहिलं, स्वतःचं.

ही १९८५ सालची गोष्ट. मासिकात त्याचा फोटो आला, त्याला बढती मिळाली, आणि शिवणीला नाव पडलं 'रेंचलर शिवण'. आयत्या बिळावर नागोबा. खात्यातल्या बायकांना सगळं माहीत होतं. विल्ट्रूट तर रडलीच.

"वर जाऊन सांग ना तू! आम्ही आहोत साक्षीला."

"साक्षीला कोण, तुम्ही?" एल्फ्रीडे म्हणाली. "तुझी नोकरी सहा वर्षांची. तिच्या घराचे हप्ते चालू. हिचा नवरा त्याच्याच हाताखाली. गप बस."

तिनं मासिकातला फोटो कापला आणि शिवणाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला. रोज सकाळी डबा उघडला की रेंचलर हसायचा आणि एल्फ्रीडे त्याला म्हणायची, "सुप्रभात, चोरा." मोठ्यानं नाही, रागानंही नाही. देवाला दिवा लावावा इतक्या नेमानं.

दरवर्षी नवी गाडी घ्यायला दोघं टेकडीवर जायची. बाकी कुटुंबं गाडीपुढं उभं राहून फोटो काढायची. एल्फ्रीडे दार उघडून वाकायची, कडेवरून अंगठा न्यायची, आणि दार लावून हेल्मुटला म्हणायची, "आहे. चल."

हेल्मुट गेला. एल्फ्रीडे निवृत्त झाली, मग रेंचलर, मग विल्ट्रूट. डूख धरून बसलेली माणसं वाळत जातात म्हणतात, पण ही बाई वाळली नाही. पोहायची, इमारतीतला सामायिक जिना झाडायची आपली पाळी कधी चुकवायची नाही, मसुराच्या आमटीबरोबर श्पेट्झले, त्या अंड्याच्या पिठाच्या जाड शेवया, हातानं करायची. फक्त बाजारात रेंचलर समोर आला की त्याच्या नजरेला नजर देऊन, ओळख न दाखवता पुढं जायची. त्यालाच रस्ता ओलांडावा लागायचा.

रेंचलरनं त्याच १९८५ सालची, गडद हिरवी, उघड्या टपाची गाडी मिळवून तिची डागडुजी केली होती. जुन्या गाड्यांच्या मंडळाचा तो अध्यक्ष होता. दर मे महिन्यात चौकात गाड्या मांडल्या जायच्या आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या शिवणीची कथा सांगायचा. दरवर्षी त्या कथेत त्याच्या झोपेच्या आणखी दोन रात्री उडायच्या.

२०१९ साली बातमी आली की नगरपालिकेच्या संग्रहालयात कारखान्याच्या इतिहासाचं दालन होणार. त्यात एका काचेच्या कपाटात आसन ठेवायचं आणि खाली पितळी पाटी लावायची: 'रेंचलर शिवण, संशोधक गोटहिल्फ रेंचलर'. मेच्या मेळ्यात हाम्बुर्गहून फ्राउ टेसमर नावाच्या परीक्षक येणार होत्या. गाडी मुळाबरहुकूम आहे असा दाखला त्यांनी दिला, की तिचंच आसन संग्रहालयात जाणार होतं.

"पितळ," एल्फ्रीडे विल्ट्रूटला म्हणाली. "मासिक रद्दीत जातं गं. माणूस मरतो. पण पितळ शंभर वर्षं तसंच राहणार."

आणि नेमकं त्याच आसनाचं कातडं कडेला फाटलं. रेंचलरनं दोन कारागिरांना दाखवलं. दोघांनी सांगितलं, त्या काळची शिवण हवी असेल तर गावात एकच हात उरलाय.

तो एल्फ्रीडेच्या घरी आला तेव्हा विल्ट्रूट तिथंच कॉफी घेत होती. काखेत घोंगडीत गुंडाळलेली आसनाची गादी, हातात घरच्या मुरंब्याची एक बाटली, तीही अर्धीच भरलेली.

"फ्राउ ब्युर्कले, जुने दिवस आठवून आलो."

"तुम्हाला आठवतात?" एल्फ्रीडे म्हणाली. "बसा."

"तुमच्याशिवाय कोण करणार? आपली शिवण ती."

"आपली?"

"म्हणजे... माझी. पण हात तुमचेच ना."

"बाटली घेऊन जा. गोड चालत नाही मला. आसन ठेवा, पुढच्या शुक्रवारी या."

"पैसे किती..."

"तुमचीच वस्तू तुम्हाला देतेय. त्याचे काय पैसे?"

तो गेल्यावर विल्ट्रूटनं कप खाली ठेवला. "तू शिवून देणार? त्याला? त्या पाटीसाठी?"

"देणार. पण जुन्या पद्धतीनं. दुमड बसणाऱ्याकडे."

विल्ट्रूट उठून उभी राहिली. हाल्डिंगनमध्ये माणूस चोरी करू शकतो, बायको सोडू शकतो. मुद्दाम काम बिघडवत नाही. "एल्फ्रीडे, हे आपल्या हाताला शोभत नाही."

"नाही शोभत," ती म्हणाली. "पण त्याला मी संधी देणार आहे. न्यायला येईल तेव्हा त्यानं एकदा अंगठा फिरवला आणि म्हणाला, बाई, हे चुकलंय, तर मी तिथल्या तिथं उसवीन, बरोबर शिवीन, आणि पाटीबद्दल जन्मात बोलणार नाही. चोरलं तर चोरलं, निदान शिकला तरी, असं समजेन."

शुक्रवारी तो आला. आसन खिडकीजवळ धरलं, चष्मा चढवला, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं.

"वा! अगदी माझी शिवण."

"हात फिरवून बघा, हेर रेंचलर."

"आता माझ्याच शिवणीला मी काय हात लावायचा!"

"तरी लावा. नंतर म्हणू नका, सांगितलं नाही."

"तुमचा स्वभाव काही बदलला नाही, फ्राउ ब्युर्कले," तो हसत म्हणाला आणि आसन घोंगडीत गुंडाळून निघून गेला. दार लागल्यावर एल्फ्रीडे खुर्चीवर बसली. विल्ट्रूटनं तिला चौतीस वर्षांत इतकं निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं.

मेळ्याच्या दिवशी चौक भरला होता. शिवणखात्यातल्या आठ जुन्या बायका घडीच्या खुर्च्या टाकून हिरव्या गाडीसमोरच बसल्या होत्या. त्यांना विल्ट्रूटनं नुसतं एवढंच सांगितलं होतं की लवकर या. फ्राउ टेसमर उंच, शांत, उत्तरेकडच्या थंड बोलीच्या. त्यांनी इंजिन पाहिलं, टप पाहिला, मग दार उघडून वाकल्या. त्यांचा अंगठा आसनाकडून दाराकडे गेला. थांबला. पुन्हा गेला.

"ही तुमचीच ती प्रसिद्ध शिवण, हेर रेंचलर?"

"माझीच!" रेंचलर लोकांकडे वळून म्हणाला.

"पाहून सांगा."

"पाहायचं काय त्यात? बाप मुलाला ओळखत नाही का?"

"मग मला समजावून सांगा. आतली दुमड कुठल्या बाजूला आहे?"

"जिथं असायला हवी तिथंच."

"म्हणजे कुठं?"

रेंचलरनं आसनाकडे पाहिलं. आसन काही बोललं नाही. तो गळा साफ करून म्हणाला, "अर्थात बसणाऱ्याकडे. आधार मिळावा म्हणून. तीच तर माझी कल्पना होती."

आधी एक खुर्ची करकरली. मग त्या आठही बायका अशा हसल्या की एकीच्या मांडीवरची बटाट्याच्या सॅलडची ताटली खाली गेली.

"आधार मिळावा म्हणून!" एक जण डोळे पुसत ओरडली. "अगं बाई, त्याच आधारानं तर दहा वर्षं शिवणी फाटत होत्या!"

"त्या काळातल्या शंभरावर गाड्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत," फ्राउ टेसमर म्हणाल्या. "दुमड दाराकडे असते. म्हणून तर ती टिकते. हे आसन कुणी शिवलं?"

"मी," एल्फ्रीडे उठून उभी राहिली.

"मग हिनंच बिघडवलं!" रेंचलर ओरडला. "मी हिच्यावर विश्वास ठेवला!"

"चुकून झालं का?" फ्राउ टेसमरनी विचारलं.

"मुद्दाम."

हसणाऱ्या बायकांपैकी दोघींनी मान खाली घातली.

"पहिली शिवण मी केली, ती बरोबर," एल्फ्रीडे म्हणाली. "ही पण मीच केली, ही चूक. ह्यांना दोन्ही सारख्याच वाटल्या. मला एवढंच दाखवायचं होतं." आणि ती खाली बसली.

दाखला मिळाला नाही. आठवड्याभरात रेंचलरनं अध्यक्षपद सोडलं. संग्रहालयाच्या बाई एल्फ्रीडेकडे येऊन गेल्या. कागद रेंचलरच्या नावचा, साक्षी सगळ्या तोंडी. दुसरं नाव घालता येणार नाही, असं त्यांनी अगदी ओशाळून सांगितलं. कपाटात आता दुसऱ्याच गाडीचं आसन आहे आणि खाली नुसतं साल लिहिलंय.

"नावाची जागा कोरीच राहिली ना," विल्ट्रूट हळहळली.

"कोरी चालेल. त्याचं नाव नको होतं."

त्या दोघी, मान खाली घालणाऱ्या, नंतर एल्फ्रीडेशी बोलेनाशा झाल्या. काम मुद्दाम बिघडवणाऱ्या बाईशी काय बोलायचं? त्यांचं तिला लागलं, हे विल्ट्रूटला दिसत होतं. रेंचलरचं काही लागलं नाही. त्याची बायको बेकरीत भेटली तेव्हा म्हणाली, तो कुठं जात नाही, गॅरेजमध्ये गाडीचं दार उघडून बसतो आणि त्या कडेवरून अंगठा फिरवत राहतो. विल्ट्रूटला गलबलून आलं. तिनं जिना चढून ते एल्फ्रीडेला सांगितलं.

एल्फ्रीडे बटाटे सोलत होती. "कुठल्या दिशेनं फिरवतो?" तिनं विचारलं.

"ते काय मला माहीत! अगं, म्हातारा झालाय तो. जरा दया कर."

"तू कर की. तुझ्याकडे आहे ती," एल्फ्रीडे म्हणाली. "मला ती कधी जमली नाही, आणि आता शिकायचं वय नाही." सोललेला बटाटा तिनं पाण्यात टाकला. त्या दिवशी संध्याकाळी तिनं डब्याच्या झाकणावरचा फोटो गरम पाण्यानं भिजवून खरवडून काढला. जपून ठेवला नाही, जाळलाही नाही. सालींबरोबर टाकून दिला.

हे होऊन सहा वर्षं झाली. एल्फ्रीडे आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिनं गाडी चालवणं सोडलं, आणि गुरुवारी ती पोहायला बसनं जाते. आसनाच्या कडेवरून अंगठा फिरवून मगच बसायची सवय मात्र सुटलेली नाही.