फ्रीजमधली भुरी

नाशिकच्या उन्हाळ्यात मी बर्फाळ डोंगरावरचं झाड जगवतो, हे मी छाती फुगवूनच सांगतो. अंबडच्या कारखान्यात कूलिंगची यंत्रं सांभाळण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. बंद पडलेल्या एका दुकानातला काचेच्या दाराचा कोल्ड्रिंकचा फ्रीज घरी आणला, आत दिवे आणि पंखा बसवला, की झाला डोंगर. बायको म्हणाली, "लोक फ्रीजमध्ये आइस्क्रीम ठेवतात, आपण गवत ठेवतो." ठेवतो, मी म्हणालो.

त्यात सॅक्सिफ्रेज नावाच्या डोंगरी झाडाची एक उशी होती. उशीच म्हणायची, कारण हे झाड उंच वाढायचं नावच घेत नाही. पानांचे इवले इवले गुच्छ एकमेकांना घट्ट चिकटतात आणि खडीवर गोल, टणक उशी तयार होते. मी बियांपासून केलेल्या रोपांतली तीच एक उरली होती. तिच्या पानांच्या कडांना पांढरे ठिपके असतात. अंगातला जादा चुना पान तिथून बाहेर टाकतं. पाहुण्यांना मी ते भिंगातून दाखवायचो, नको म्हणाले तरी.

मार्चमध्ये वडील राहायला आले. गुडघे साथ देईनात, म्हणून द्राक्षबाग त्यांनी माझ्या धाकट्या भावाच्या हाती सोपवली होती. कुठल्याही झाडापाशी गेले की आधी पान उलटून बघणार. मी कामावर असताना त्यांनी फ्रीज उघडला आणि त्यांना ते पांढरं दिसलं. द्राक्षवाल्याला पानावरचं पांढरं म्हणजे भुरी, हातची बाग घालवणारी बुरशी. त्यांनी गुलाबासाठी आणलेलं गंधक पाण्यात कालवलं, उशी निथळेपर्यंत फवारली आणि पानं सुकावीत म्हणून कुंडी गच्चीवर उन्हात ठेवली.

"भुरी आली व्हती," मी घरात शिरताच ते खुशीत म्हणाले. "येळेवर दिसली म्हून बरं."

मी गच्चीवर धावलो. उशी तापलेली होती. खाली येऊन मी बोलायचं ते बोललो, नको तेही बोललो. ही तुमची बाग नाही, असंही म्हणालो. ते त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बायकोकडून कळलं की त्यांनी भावाला फोन करून रविवारी न्यायला बोलावलंय.

उशी मधून तपकिरी पडू लागली. वाचवायची तर कडेचे हिरवे गुच्छ देठासकट सोडवून ओल्या रेतीत रोवायचे, एवढाच मार्ग होता. शनिवारी मी ब्लेड घेऊन बसलो. कारखान्यात स्पॅनर फिरवून राठ झालेली माझी बोटं. पहिलेच दोन गुच्छ चुरगळले. वडील दाराशी उभे होते, आत येत नव्हते. माझा राग अजून होता, पण त्यांच्या त्या उभं राहण्याचंच जास्त वाईट वाटलं.

"अण्णा, मला हे जमत नाही," मी म्हणालो. या घरात माझ्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं.

ते आले, गुडघा धरून खाली बसले आणि माझ्या हातातलं ब्लेड घेतलं. बाकीचे सगळे गुच्छ त्यांनी सोडवले, रोवले.

रविवारी भाऊ गाडी घेऊन आला. वडिलांची पिशवी भरलेलीच होती. ते म्हणाले, "तू जा. ह्यांनी मुळं धरल्याबिगर मी येत नाय."

आता ते रोज सकाळी रेतीवर पाण्याचा हात फिरवतात आणि चहाच्या वेळी मला विचारतात, "धरली का रं?" कुंड्या माझ्या, म्हणून ते स्वतः ओढून बघत नाहीत. परवा मी एक गुच्छ हळूच ओढून पाहिला. हलला नाही. शेजारच्यानंही रेती घट्ट धरली होती.

"अजून नाही, अण्णा," मी म्हणालो. "वेळ लागतो याला."