पांदणीत चालतील असे टायर

माझी शाळा चौथीतच सुटली, पण टायर मला वाचता येतं. बावीस वर्षं धाड-बुलढाणा जीप चालवली. टायरला अंगठ्याचं नख दाबायचं. रुतलं तर रबर जितं, नाही रुतलं तर मेलं. हे कोणत्या मास्तरानं नाही शिकवलं.

यंदा पोळ्याच्या सुमारास मुलाच्या गाडीच्या टायरांना नख रुतेना.

ही गाडी ना धड जीप, ना धड कार. उंच आहे, पण आतून सगळी गाद्यागाद्यांची. मुलगा पुण्याला नोकरीला. तिथं त्यानं दुसरी गाडी घेतली आणि ही आमच्या अंगणात आणून लावली. "आलो की इथं वापराले होईन," म्हणाला. पहिल्या वर्षी तीनदा आला. सून, दोन नातवंडं आणि मला घेऊन पांदणीनं, म्हणजे वावराच्या चिखलवाटेनं, थेट विहिरीपर्यंत गाडी घालायचा. पोरं ओरडायची. मी पुढं बसून "डावीकडं घे, डावीकडं" करायचो. त्यानंतर दोन वर्षं आला तो एसटीनं, एकटा, एका मुक्कामापुरता.

मी दर शुक्रवारी गाडी चालू करून हातभर पुढं घ्यायचो, हातभर मागं. एकाच जागी उभी राहिली की टायर बसतं. तरी चारही टायरांना बगलेत बारीक भेगा पडल्या. चालून झिजले असते तर मला वाईट वाटलं नसतं.

फोनवर सांगितलं, तर मुलगा म्हणाला, "बाबा, सस्तेच टाका. गिऱ्हाईक पाह्यलं हाय. दिवाळीनंतर विकून टाकू. उगाच उभी हाय."

मी हो म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच खामगावला निघालो.

बायको दारात आली. "बुलढाण्यात दुकानं मेली काय? असल्या टायरावर घाट उतरता?"

"माह्या जीपचे टायर खामगावातूनच येत. तिथंच जाईन."

"अन् नवे टायर घातले म्हंजे पोरगं येते काय?"

मी काच वर केली.

दुकानाचा जुना मालक आता नाही. गल्ल्यावर त्याचा मुलगा बसतो, बापासारखाच एक पाय दुमडून. मी जरा वेळ बघतच राहिलो. त्यानं टायरावरचा आकडा पाहिला आणि तीन टायर समोर लोटले. एक हलकं, डांबरी रस्त्याचं. एक जाड गुटक्यांचं, म्हणजे रबराच्या उंच ठोकळ्यांचं, चिखलाचं. एक मधलं.

"चाचा, गाडी जाते कुठं? रोडनं का वावरात?"

"वावरात."

"रोज?"

"पोरगं आलं की."

"बसता किती जण?"

"पाच," मी म्हणालो.

"मंग जाड गुटक्याचे नका घेऊ. रोडवर भणभण करतीन, पेट्रोल पेतीन. मधले घ्या. चिखलात बी धरतीन अन् पुण्याले बी जातीन." पुण्याचं मी सांगितलं नव्हतं. नंबरप्लेट वाचली असेल त्यानं.

मी नख दाबायला वाकलो, तसा तो हसला. "चाचा, आता नख नाही लागत. हे चार आकडे पाहा. पहिले दोन आठवड्याचे, मागचे दोन सालाचे. यंदाचंच हाय." आकडे मी पाहिले. तरी चारही टायरांना नख लावून पाहिलंच.

टायर चढल्यावर त्यानं विचारलं, "हवा किती? दाराच्या पट्टीवर दोन हिशेब हायेत. दोघातिघांचा अन् भरल्या गाडीचा."

"भरल्या गाडीची भर."

"रिकामी उडन, चाचा."

"उडू दे बे."

बोथ्याच्या घाटात गाडी खरंच उडत होती. मागची सीट खड्ड्याखड्ड्याला खडखडायची. घाटमाथ्यावर थांबून थोडी हवा सोडता आली असती, मी नाही सोडली. घरी न जाता तशीच पांदणीत घातली. चिखल घोट्याएवढा होता, पण टायरांनी असं धरलं की कुठं घसरली नाही. विहिरीपाशी उभी करून फोटो काढला आणि मुलाला पाठवला.

लगेच फोन आला. "बाबा, हे कोणते टाकले? भारीतले दिसतात."

"पांदणीत चालतीन असे."

"मंग गिऱ्हाईकाले काय सांगू?"

"सांग, बाप नाही म्हणते. गाडी विकाची नाही."

मागं नातवाचा आवाज येत होता. मला वाटलं, मुलगा आता विचारेल, चिखल किती हाय, आम्ही आलो तर निघन काय.

"बरं," तो म्हणाला. "तुमच्यासाठीच ठेवा मंग. बाजाराले जायाले कामी येईन. तुमच्या नावावरच करून देतो."

धाडच्या बाजाराला मला एसटी पुरते. तसं म्हणालो नाही. पोरानं मोठ्या मनानं दिलं होतं.

"सही कराले तुले या लागन ना?" मी विचारलं.

"ऑनलाइन होते, बाबा. कोणालेच या लागत नाही."