काडतुसातला मित्र

एका सर्वेक्षण कंपनीचं काम मी घरून करते. अमेरिकेतल्या एका राज्याचं वन्यजीव खातं शिकारीचा हंगाम संपला की शिकाऱ्यांना फोन करवतं. किती दिवस गेलात, किती लांबून आलात, किती फेझंट मिळाले. फेझंट म्हणजे लांब शेपटीचा, रंगीत रानकोंबडा. थोड्याशा शिकाऱ्यांच्या उत्तरांवरून सगळ्या राज्याचा अंदाज काढायचा असतो, म्हणून फोनवर कुणी एक पक्षी सांगितला की अंदाजात त्याचे शे-दीडशे होतात. 'मारले' म्हणायचं नाही, 'हार्वेस्ट' म्हणायचं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये बजावलेलं.

त्यांची संध्याकाळ ती आमची काशीतली सकाळ. मी फोन सुरू करायचे तेव्हा बाबा संध्या आटोपून घाटावर निघायच्या तयारीत असायचे. श्राद्ध-तर्पणाची कामं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. इंग्रजी बेताचं, पण हार्वेस्ट म्हणजे सुगी एवढं त्यांना ठाऊक. मंगला गौरीच्या देवळापाशी भेटेल त्याला ते सांगत, "मुलगी अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची विचारपूस करते. फार बारीक चौकशी. पीक किती आलं, शेत घरापासून किती लांब."

एकदा त्यांनी मला विचारलं, "फेझंट हे कडधान्य का गं?"

मी काही बोलायच्या आत आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुरीसारखं असावं." आईला सगळं माहीत होतं.

हे असंच चाललं असतं, पण माघात एका सकाळी वानराने खिडकीतून हात घालून माझा हेडफोन पळवला. केळं दाखवलं, पेरू दाखवला, तो काही देईना. समोरच्या गच्चीवर हेडफोन गळ्यात घालून बसला. इकडे फोन लागलेला. मी नाइलाजाने स्पीकर सुरू केला.

पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. किती लांबून शिकारीला गेलात, या प्रश्नाला त्यांनी नऊशे मैल सांगितलं. आपण आणि आपला कुत्रा, गाडीने.

बाबा धोतराचा काष्टा घालता घालता थांबले. "नऊशे मैल? म्हणजे काशीहून पुणं झालं. शेत एवढं लांब?"

मी पुढचा प्रश्न विचारला. तुम्ही स्वतः किती फेझंट हार्वेस्ट केले?

"तेच कळत नाहीये," म्हातारबुवा म्हणाले. "एक मी मारला, किंवा माझ्या मित्राने."

"मित्र सोबत होता का?"

"होता. काडतुसात होता."

मग त्यांनी सांगितलं ते असं. दोघे मित्र तरुणपणापासून दर हिवाळ्याला त्याच माळावर जायचे. उन्हाळ्यात मित्र वारला. त्याची इच्छा होती की आपली राख छऱ्यांबरोबर काडतुसात भरून त्या माळावर उडवावी. तिकडे अशी काडतुसं भरून देणारी माणसं असतात म्हणे. म्हातारबुवांनी टोपी काढली, प्रार्थना म्हटली, आकाशाकडे नेम धरला आणि चाप ओढला. नेमका त्याच क्षणी गवतातून एक फेझंट उडाला आणि मित्राच्या राखेसकट खाली आला. कुत्र्याने तो आणून पायाशी ठेवला.

"आता तो माझ्या नावावर धरायचा की त्याच्या?" त्यांनी विचारलं. "त्याच्याकडे यंदाचं लायसन्स नव्हतं."

मी दुसऱ्या फोनवरून नोएडाला सुपरवायझरला गाठलं आणि हिंदीत सगळा प्रकार सांगितला. तो म्हणाला, "डेड का कोड है ना, मॅडम. शिकारी मृत, कॉल समाप्त."

"पर जो बोल रहा है, वह तो ज़िंदा है."

"तो ज़िंदावाले से पूछिए. एक या ज़ीरो. आधा नहीं चलेगा."

मी वळून पाहिलं, तर बाबा माझ्या खुर्चीवर बसलेले. सुगी, कडधान्य, सगळ्याचा उलगडा त्यांच्या चेहऱ्यावर एकदम झाला होता. मला वाटलं, आता रागावतील. पण त्यांनी मोबाइल जवळ ओढला आणि आयुष्यभर यजमानांना विचारतात त्याच आवाजात म्हणाले, "याला विचार, पक्षी आत्ता कुठे आहे?"

मी विचारलं. पक्षी फ्रीझरमध्ये होता. "खाववत नाही, त्याच्यात तो आहे," म्हातारबुवा म्हणाले. "टाकवतही नाही. मुलगी म्हणते, बाबा, फ्रीझरमध्ये जागा करा."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "तो पक्षी आता पक्षी नाही, अस्थिकलश आहे. वाहत्या पाण्यात सोडायला सांग. जिथे दोघे जायचे, तिथेच."

"तिथे ओढा आहे," म्हातारबुवा म्हणाले. "पण पुन्हा नऊशे मैल."

"लोक अस्थी घेऊन काशीला याहून लांबून येतात म्हणावं."

म्हातारबुवांनी बाबांचे आभार मानले. मी एक लिहिला आणि फोन ठेवला. आई बाहेर येऊन बाबांना म्हणाली, "आता घाटावर तुरीचं काय सांगणार?"

काही सर्वेक्षणांचा तपासणीचा फोन करावा लागतो. होळीच्या आसपास तो नंबर पुन्हा माझ्याकडे आला, तेव्हा मी मुद्दाम बाबांना हाक मारली.

म्हातारबुवा त्या माळावर जाऊन आले होते. बर्फाची पेटी शेजारच्या सीटवर, तिला पट्टा लावलेला. वाटेत पोलिसाने अडवून विचारलं, पेटीत काय? यांनी खरं सांगितलं. पोलिसाने पेटी उघडून पाहिली, बंद केली आणि "सावकाश जा" एवढंच म्हणाला. ओढा गोठलेला होता. कुऱ्हाडीने बर्फ फोडून त्यांनी पक्षी पाण्यात सोडला. कुत्र्याने उडी मारून तो परत आणला. पुन्हा सोडला, पुन्हा आणला. शिकारी कुत्रा तो, त्याला तेवढंच शिकवलेलं.

बाबा हसले नाहीत. मला हळूच म्हणाले, "कावळा शिवत नाहीये. काहीतरी राहिलंय याच्या मित्राचं. काय ते विचार."

मी विचारायच्या आधीच म्हातारबुवा पुढे बोलू लागले. "माझे गुडघे गेलेत. यंदा बंदूक विकायची असं ठरवलं होतं. कुत्रा तिसऱ्यांदा तो पक्षी घेऊन आला, तेव्हा थंडीने माझे हात बधिर झाले होते. मी ओरडलो, बरं बाबा, येतो पुढच्या वर्षी, आता तरी जा! आणि पक्षी सोडला. कुत्रा काठावर बसून राहिला. जागचा हलला नाही."

मी ते मराठीत सांगताच बाबांनी दोन्ही हात जोडले. "शिवला," ते म्हणाले, "शिवला एकदाचा." डोळे पुसून त्यांनी पिशवी उचलली आणि भराभर जिना उतरले. खाली घाटावर त्यांचे स्वतःचे यजमान डोकी भादरून केव्हाचे बसले होते.